रडण्याची वाट

मुलीला मी बाळंतपणाआधीच सांगितलं होतं, सहा महिने सांभाळीन, पुढचं तुमचं तुम्ही बघा. नातू नऊ महिन्यांचा झाला तरी पुढचं कुणी बघितलं नव्हतं. डोंबिवलीत एकाच इमारतीत वर ती, खाली मी. सकाळी तो माझ्याकडे यायचा आणि संध्याकाळी माझी कंबर घेऊन परत जायचा.

त्या आठवड्यात त्याला सर्दी-ताप होता. ताप उतरला, नाक सुकलं, सुटलो म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पेज भरवताना तो एकदम किंचाळला. पाय पोटाशी घेतले, चेहरा पांढराफटक. मी उचलेपर्यंत थांबला आणि चमच्याशी खेळायला लागला. थोड्या वेळाने पुन्हा तेच, मग ओकला. रडणं ऐकून शेजारीण आली. "अहो काकू, बेंबी सरकली असेल. पोट चोळून देणारी बाई आहे ना, तिला फोन लावते." एरवी मी हो म्हटलं असतं. पण त्याचा तो पांढरा चेहरा मला बघवेना. रिक्षा केली.

डॉक्टरांसमोर तो हसला. दोन्ही दात दाखवून. मी घाम पुसत सांगतेय आणि हा पठ्ठ्या त्यांचा स्टेथोस्कोप ओढतोय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारी घाबरट आहे असंच त्यांना वाटणार. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "आजी, इथेच बसा. रडला की लगेच हाक मारा."

बाहेर बाकावर बसले. आयुष्यात इतकी मुलं गप्प केली, पण मूल रडावं म्हणून वाट बघत बसले ती त्या दिवशीच. नाही रडला तर घरी पाठवतील आणि आत जे काही बिघडलंय ते तसंच राहील. रडला तर काहीतरी बिघडलंय हे नक्की. मला दोन्ही नको होतं. तो मांडीवर मलूल होऊन पडला. मुलगी महापेच्या ऑफिसातून निघालेली, शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली, सारखा फोन.

"रडतोय का गं?"

"नाही."

"मग बरंय ना?"

मी फोन ठेवला.

मग तो किंचाळला. डॉक्टर धावतच बाहेर आले, आणि या वेळी पोटात उजवीकडे गोळा त्यांच्या हाताला लागला. त्यांनी हॉस्पिटलात पाठवलं, तिथे सोनोग्राफीत दिसलं: स्वेटर काढताना बाही आत ओढली जाते, तसं आतडं आतड्यात शिरलं होतं. सर्दीच्या विषाणूने लहान मुलांच्या आतड्यातल्या गाठी सुजतात, त्यातून कधीकधी असं होतं, तिथले डॉक्टर म्हणाले. उशीर झाला असता तर तेवढं आतडं कुजलं असतं. पोट चोळलं नाहीत ते बरं केलंत. सोनोग्राफीवर बघत बघत खालून, शीच्या जागेतून, सलाइनचं पाणी सोडलं आणि आतडं मागे सरकलं. ऑपरेशन टळलं. मी भिंतीला टेकून चारचौघांत रडले.

मुलगी पोहोचली तोवर सगळं उरकलं होतं. डॉक्टरांनी तिला सांगितलं, पुन्हा होऊ शकतं, लक्ष ठेवा. तिने त्याला उचलून घेतलं. मग म्हणाली, "आई, पुन्हा झालं तर तुला कळेल ना?"

मला म्हणायचं होतं, अगं, मी थकलेय, मला भीती वाटते.

"कळेल," म्हटलं. तिने त्याला माझ्या मांडीवर ठेवलं आणि ऑफिसचा फोन घ्यायला बाहेर गेली.