छापून न आलेलं वाक्य

नागपूर मी पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा पाहिलं. त्याआधी अनेक वर्षं ते शहर मजकुराच्या रूपाने माझ्या टेबलावर येत होतं. पुण्यातल्या एका दैनिकात मी उपसंपादक होते. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपूरला भरलं की तिथून येणाऱ्या बातम्या माझ्याकडे असायच्या. सीताबर्डी, सदर, धरमपेठ ही नावं मला अचूक लिहिता येत होती. ती कुठे आहेत हे माहीत नव्हतं.

गेल्या महिन्यात, नोव्हेंबरात, मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नासाठी गेले. लग्न प्रताप नगरात होतं, शुक्रवारी. परतीचं तिकीट सोमवारचं. शनिवारी सकाळी मैत्रिणीच्या घरी चहा घेताना फोनवर एक जाहिरात दिसली. जुन्या पत्रकारासोबत नागपूरच्या बारची सैर. दुपारी सुरुवात, अंधार पडेपर्यंत शेवट. अधिवेशनाचे न छापलेले किस्से, वाटेत खाणं, पिणं ज्याचं त्याने. खाली नाव आणि फोटो होता.

चेहरा मी कधी पाहिला नव्हता. नाव ओळखीचं होतं. मी लगेच नोंदणी केली.

मैत्रीण म्हणाली, "तू? बारमध्ये? एकटी?"

"नागपूर बघायचंय," मी सांगितलं. ते खोटं नव्हतं.

त्या नावाशी माझं काय होतं ते आधी सांगायला हवं. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडून अधिवेशनाला जाणारे एक ज्येष्ठ वार्ताहर होते. बातमी कशी लिहायची हे मला त्यांनी शिकवलं. विशेषणं काढ, हा त्यांचा पहिला धडा. एका अधिवेशनात ते तापाने आजारी पडले आणि सीताबर्डीतल्या लॉजवर पडून राहिले. तेव्हा बातमीदारांत एक पद्धत होती. एकजण सभागृहात बसे आणि बाकीच्यांना आपली कॉपी, म्हणजे लिहिलेली बातमी, देई. या पद्धतीला दोन नियम होते. घेणाऱ्याने कॉपी कुणाची हे कधीही सांगायचं नाही. आणि देणाऱ्याने, कॉपीत काही बदललं तर, घेतलेल्या प्रत्येकाला कळवायचं.

त्या दिवशी कॉपी आली ती एका स्थानिक वार्ताहराची. तो दुसऱ्या दैनिकात होता, आणि त्या दिवशी त्याची कॉपी घेणारे आमचे वार्ताहर एकटेच होते. आमच्या वार्ताहरांनी लॉजच्या फोनवरून ती मला सांगितली, मी उतरवून घेतली. मध्ये मध्ये ते खोकत होते. विषय संत्रागळतीचा, म्हणजे बागांत फळं अकाली गळण्याचा होता. मंत्र्यांनी सभागृहात उत्तर दिलं, सदस्यांनी गोंधळ घातला, वगैरे. बातमी दुसऱ्या दिवशी त्यांच्या नावाने छापून आली.

सभागृह त्या दिवशी प्रश्न पुकारण्याआधीच तहकूब झालं होतं. चर्चा झालीच नव्हती. प्रश्नांची छापील उत्तरं सकाळीच पत्रकारांना मिळत. त्यांवरून कुणीतरी कुठेतरी बसून चर्चा रचली होती. त्या स्थानिक वार्ताहराच्या स्वतःच्या दैनिकात मात्र ती बातमी नव्हती. त्याला संध्याकाळी तहकुबीचं कळलं आणि त्याने आपली बातमी थांबवली. लॉजवर फोन केला नाही. हे आणि त्याचं नाव मला बऱ्याच वर्षांनी, सांगोवांगी कळलं.

मी संपादकांना सांगितलं की ते तापाने पडून होते, कॉपी दुसऱ्या कुणाची तरी होती. संपादकांनी आमच्या वार्ताहरांना बोलावून विचारलं. ते म्हणाले, "नाव माझं आहे, चूक माझी आहे." पहिला नियम त्यांनी पाळला. अधिवेशन त्यांच्याकडून गेलं. 'आज शहरात' या सदरावर त्यांना बसवलं, म्हणजे कुठे व्याख्यान, कुठे रक्तदान शिबिर. निवृत्त होईपर्यंत ते तेच लिहीत राहिले.

काही वर्षांपूर्वी ते गेले. शोकसभेत एका वक्त्याने वातावरण हलकं करण्यासाठी किस्सा सांगितला. "नागपूरचे आमचे मित्र अजून सांगतात," अशी सुरुवात करून त्याने बारमध्ये बसून सभागृह चालवणाऱ्या पत्रकाराची गोष्ट रंगवली. सभा हसली. वार्ताहरांची मुलगी पहिल्या रांगेत बसली होती. ती उठून बाहेर गेली. मी तिच्यामागे गेले. ती म्हणाली, "बाबा खरंच प्यायले होते का?" मी नाही म्हटलं. तिने मान हलवली. तिचा विश्वास बसला नाही हे मला दिसलं.

मला त्या नागपूरच्या मित्राला भेटायचं होतं.

सैर सदरमधल्या एका जुन्या बारपासून सुरू झाली. बाहेर रस्त्याचे खड्डे बुजवण्याचं काम चाललं होतं. अधिवेशन आलं की शहराची डागडुजी होते. मार्गदर्शक साठीपुढचा, उंच, खादीचं जाकीट घातलेला. आवाज उत्तम. आम्ही थोडेच होतो. लकडगंजातला एक लाकडाचा व्यापारी, नरखेडकडून आलेला त्याचा संत्रेवाला साळा (दोघांचं साटंलोटं, एकमेकांच्या बहिणी केलेल्या), आणि आपसातच बोलणारी दोन तरुण मुलं.

"मॅडमसाठी मोसंबीचा ज्यूस?" मार्गदर्शकाने विचारलं.

"रम," मी म्हटलं. "पाण्यासोबत."

व्यापारी खूश झाला. "हे बराबर! पाहा साळेबुवा, नाहीतर तुम्ही. घरून सांगून आले का बायकोले?"

"भाऊजी, तुमच्या बहिणीले मी काय सांगू? तुम्हीच सांगान घरी गेल्यावर, अन् मार मीच खाईन."

"माही बहीण हाय म्हणून तर म्हणून राहिलो. मार खाच तुम्ही."

मार्गदर्शक किस्से चांगले सांगत होता. कोणता आमदार कोणत्या कोपऱ्यात बसे, कुणाचा समेट कोणत्या टेबलावर झाला. मी एकही प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या बारमध्ये सावजी मटण आलं. त्या तिखटाने तरुण मुलांचे डोळे भरले, व्यापाऱ्याने त्यांची यथेच्छ चेष्टा केली. उन्हं उतरली होती.

तिसरा बार सीताबर्डीत, जिना चढून. खिडकीजवळ संगमरवरी माथ्याचं एक टेबल होतं. मार्गदर्शक त्याच्याजवळ थांबला आणि त्यावर हात ठेवला.

"आता आपला सगळ्यात फेमस किस्सा," तो म्हणाला. "पुण्याचे एक मोठे पत्रकार होते. नाव घेत नाही, वारले बिचारे. या इथं, या टेबलाशी बसून त्यांनी सभागृह चालवलं."

गोष्ट मला ठाऊक होती त्यापेक्षा बरीच वाढली होती. त्यात स्वेटर होता, भजी होती, ग्लासामागून ग्लास होते. पुण्याचा मोठा पत्रकार छापील उत्तरं समोर ठेवून पीत पीत चर्चा लिहीत होता आणि वेटरला विचारत होता, विरोधी पक्षनेत्याला उभा करू की बसवू? व्यापारी टेबलावर थाप मारून हसला. साळाही हसला. मुलांनी टेबलाचा फोटो काढला.

मी हसणं ओसरू दिलं. मग मी पहिला प्रश्न विचारला.

"तुम्ही तेव्हा इथे होता?"

"मी? नाही मॅडम. मी सभागृहात. ड्युटी म्हणजे ड्युटी."

"मग हे कळलं कसं?"

"दुसऱ्या दिवशी पुण्याचा पेपर आला ना. प्रेस रूममध्ये आम्ही सगळ्यांनी मोठ्यानं वाचला. लोळून लोळून हसलो."

"असं काय होतं त्यात?"

हा प्रश्न त्याला आवडला. त्याने खांदे मागे घेतले आणि मंत्र्याचा आवाज काढला. "'संत्र्याची गळती थांबेल, पण विरोधकांची गळती आम्ही थांबवू शकत नाही, असा टोला मंत्र्यांनी लगावताच सभागृहात हास्याचे फवारे उडाले.' तोंडपाठ आहे मला! हास्याचे फवारे! अन् सभागृहाले कुलूप!"

पुन्हा हशा झाला. मी रम संपवली आणि ग्लास त्या टेबलावर ठेवला.

"ते वाक्य पेपरात नव्हतं," मी म्हटलं.

"मॅडम?"

"छापून आलंच नाही. त्या रात्री पुण्याच्या डेस्कवर मी होते. आमच्या वार्ताहरांनी सीताबर्डीच्या लॉजवरून, अंगात ताप असताना, ती कॉपी मला फोनवर सांगितली. ते वाक्य मी उतरवून घेतलं आणि कापलं. स्तंभात जागा नव्हती, आणि हास्याचे फवारे आमच्याकडे चालत नसत. पुण्याचा पेपर वाचून ते कुणालाही माहीत होणार नाही. ते तिघांनाच माहीत होतं. मला, फोनवर सांगणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला."

त्याने हसायचा प्रयत्न केला. बातमीदारांची ही एक खोड मी नोकरीभर पाहिली आहे. छापून आलेली बातमी त्यांना आठवत नाही. त्यांनी लिहिलेली आठवते, आम्ही कापलेल्या सगळ्या फवाऱ्यांसकट. मला ती खोड उपयोगी पडेल याची खात्री नव्हती. आशा होती.

व्यापारी सगळ्यात आधी समजला. वखार चालवणाऱ्या माणसाला माल कुणाच्या हाताखालून गेला याचा हिशेब पटकन लागत असावा. सैरभर तो मार्गदर्शकाला सर म्हणत होता.

"काय गा," तो म्हणाला, "म्हणजे ते कॉपी तुहीच होय? अन् या टेबलावर बसेल होता तो तूच?"

"अहो, जुनी गोष्ट आहे, तेव्हा सगळेच..."

"ते बुवा तिकडं तापात, अन् तू इथं भजे खात! सांगितलं काहून नाही त्याले?"

"अन् मंत्री संत्र्यावर बोललेच नाही?" साळ्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मंग बराबर हाय. आमच्याकडं अजून गळूनच राहिले."

कुणी हसलं नाही, साळाही नाही. पुढच्या बारला जायची वेळ झाली होती. मार्गदर्शकाने जिन्यात मला गाठलं. जवळून त्याचा चेहरा थकलेला होता. मला त्याने काही फरक पडला नाही.

"मॅडम, कशाले जुनं उकरता? ते तर गेले."

"म्हणूनच."

"ठीक आहे. काढून टाकतो हा किस्सा. आजपासून बंद."

"काढायचा नाही," मी म्हटलं. "तुम्ही पेपरात होता. चूक ज्या जागी छापली त्याच जागी दुरुस्ती छापतात. तुम्ही हा किस्सा वर्षानुवर्षं त्या टेबलाशी सांगितलात. आता दुरुस्तीही तिथेच सांगायची. प्रत्येक सैरीला."

"माझं घर चालतं यावर. कोण येईल मग?"

"मी येईन. उद्या."

तो गटामागून जिना उतरला.

रात्री मी वार्ताहरांच्या मुलीला फोन केला आणि सगळं सांगितलं, वाक्यासकट.  ती म्हणाली, "मला ऐकायचंय. त्याच्या तोंडून."

रविवारी गट नवीन होता. मला पाहून मार्गदर्शकाने नमस्कार केला आणि सरळ रमच मागवली. पहिल्या दोन बारमध्ये त्याचे किस्से आदल्या दिवसासारखेच होते, आवाज मात्र खाली आला होता. सीताबर्डीचा जिना चढल्यावर तो खिडकीकडे न जाता आतल्या बाजूच्या टेबलाकडे वळला.

"खिडकीजवळची गोष्ट राहिली," मी मोठ्याने म्हटलं.

गट थांबला. एका बाईने विचारलं, "कसली गोष्ट?"

मी खिडकीजवळच्या टेबलाशी जाऊन बसले आणि फोन पालथा ठेवला. मुलगी पलीकडे ऐकत होती.

तो आला. या वेळी त्याने टेबलावर हात ठेवला नाही. "इथं एक बातमीदार बसला होता," त्याने सुरुवात केली.

"कोण?" मी विचारलं.

तो माझ्याकडे पाहत राहिला. मीही त्याच्याकडे पाहत राहिले. मुलाखतीत गप्प कसं बसायचं हे मला ज्यांनी शिकवलं त्यांच्यासाठीच मी तिथे होते.

"मी," तो म्हणाला. "मी बसलो होतो." आणि त्याने सांगितलं. छापील उत्तरं, भजी, रचलेली चर्चा, संध्याकाळी कळलेली तहकुबी. लॉजवर न केलेला फोन त्याने गाळला. मी आठवण करून दिली. त्याने तोही सांगितला. पुण्याचे वार्ताहर त्या दिवशी प्यायले नव्हते हेही सांगितलं.

गटाला काही विशेष वाटलं नाही. एकाने घड्याळ पाहिलं, एकाने विचारलं की सावजी पुढे आहे की होऊन गेलं. मार्गदर्शक घामेजला होता. मला फार बरं वाटलं. सूड घेऊन बरं वाटत नाही असं लिहिलेले अनेक लेख माझ्या हाताखालून गेले आहेत. मी ते तपासून, शुद्धलेखन सुधारून पुढे पाठवले. आज ते आले तर मी समासात प्रश्नचिन्ह करीन.

बाहेर येऊन मी फोन कानाला लावला.

"ऐकलंस?"

"बारमध्ये आवाज फार होता," मुलगी म्हणाली. "शेवटचं नीट ऐकू आलं नाही. बाबा प्यायले नव्हते, ते."

"त्याने सांगितलं ते."

"हो. पण मला समोर बसून ऐकायचंय."

सोमवारी मी पुण्याला परतले. अधिवेशन आता जवळ आलं आहे. माझ्या जुन्या ऑफिसातली नव्या दमाची मंडळी नागपूरला निघाली आहेत, इतर दैनिकांतलीही. मोकळ्या शनिवारी काय करायचं असं त्यांनी विचारलं तेव्हा मी सगळ्यांना त्या सैरीचा पत्ता दिला. सीताबर्डीत खिडकीजवळची गोष्ट मागायची, आणि तो लॉजचा फोन गाळेल तेव्हा त्याबद्दल विचारायचं, एवढंच सांगितलं.

मुलीने पहिल्या शनिवारची जागा घेतली आहे. नोंदणी करताना तिने पूर्ण नाव टाकलं, मधलं वडिलांचं आणि आडनावही त्यांचंच. ते मार्गदर्शकापर्यंत पोहोचलं आहे. त्याच दिवशी त्याने मला फोन करून विचारलं की या कोण. मी म्हटलं, त्यांनाच विचारा, त्या टेबलाशी.