कडब्याशेजारची खाट

बाई, तुझ्या फुप्फुसात बुरशी शिरली कशी, असं कुणी विचारलं तर मी सरळ सांगते, माझ्या घरच्यांनी मला तिच्याशेजारी झोपवलं. ऐकणाऱ्याला वाटतं मी टोमणा मारायलेय. टोमणा आहेच, पण गोष्टही खरी आहे.

आमचं गाव परंड्याकडं, सोनारीच्या अलीकडं. नुसता माळ. उन्हाळ्यात पाणी टँकरनं येतं आणि वारा सुटला की भाकरीवर धूळ बसते. घरात आम्ही तिघं. मी, मालक आणि माझी थोरली जाऊ. दीर जाऊन बरीच वर्षं झाली, लेकरं पुण्याला कामाला. जावेला आम्ही अक्का म्हणतो, आणि घरात शब्द अक्कांचा चालतो.

सात वर्षांपूर्वी मला टीबी झाला. सरकारी गोळ्या सुरू झाल्या त्याच दिवशी अक्कांनी माझी खाट गोठ्यामागच्या पत्र्याच्या खोलीत टाकली. तिथं एका बाजूला कडब्याच्या पेंढ्या छताला लागलेल्या, दुसऱ्या बाजूला गुळी, म्हणजे सोयाबीनचं भुसकट. खिडकी नाही. ताट वेगळं, तांब्या वेगळा. “दोन महिने कळ काढ, मग बघू,” अक्का म्हणाल्या. खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं होतं. गोधडी मीच उचलून नेली.

सहा महिने एक गोळी चुकवली नाही. तोंड कडू, अंग पिवळं, पण खाल्ल्या. थुंकी साफ आली, दवाखान्यातल्या बाईंनी बरी झाल्याचा कागद दिला. तो मी घरी आणून देवळीत ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. कुणी म्हणलं नाही, की खाट आत घे. मला वाटायचं, आज बोलावतील, उद्या बोलावतील. तोंड उघडून विचारायला काय झालं होतं मला! जीभ काय मांजरानं नेली होती? पण नाही विचारलं. दोन महिन्यांसाठी गेले आणि सहा वर्षं तिथंच राहिले.

आणि जवळच आहे म्हणून कडब्याचं काम आपोआप माझ्याकडं आलं. परतीच्या पावसात पेंढ्या भिजतात, आतून काळ्या-हिरव्या पडतात. जनावर ते तोंडात धरत नाही. मग पेंढी खांबावर आपटायची, बुरा झाडायचा आणि दावणीत टाकायची. आमच्याकडं सगळ्या बाया हेच करतात. पेंढी आपटली की धुराचा लोट उठावा तसा बुरा उठतो. पदर नाकाला लावायचा, झालं. आणि तोच बुरा बसलेल्या गोधडीवर मी झोपायची.

येळवशीला मात्र जीव तुटायचा. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमचा सगळा जिल्हा रानात जेवतो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी करायची, पांडव पुजायचे, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीची भाकरी आणि माठातनं आंबील. ज्याला बघाल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. आमच्या शिवारात आंबील माझ्या हातची नावाजलेली. ताकात ज्वारीचं पीठ किती, लसूण किती, रात्रभर किती आंबवायचं, ते हाताला कळतं. सहा वर्षं मी त्या माठाला हात लावला नाही. लांब बांधावर माझं ताट यायचं. एकदा शेजारच्या रानातली बाई मला हाक मारायला निघाली, तर अक्कांनी तिला डोळ्यानंच थांबवलं. मला दिसत होतं ते. मेली मी काय आंधळी होते?

गेल्या वर्षी खोकला परत धरला. वजन उतरलं, आणि एका सकाळी थुंकायच्या भांड्यात लाल दिसलं. तालुक्याला एका डॉक्टरनं छातीचा फोटो काढला आणि म्हणला, टीबी उलटलाय. थुंकी दोनदा तपासली, दोन्हीदा काही निघालं नाही. तरी म्हणला, गोळ्या चालू करू.

“थुंकीत काय न्हाय तर गोळ्या कशाच्या?” मी विचारलं.

“मावशी, डॉक्टर तुम्ही का मी?”

मालकांनी गोळ्या विकत घेतल्या. मी दोन महिने खाल्ल्या. पोटात भाकर ठरेना, रक्त थांबेना. रोगापेक्षा इलाज भयंकर! मग मी मालकांना म्हणलं, “मी सोलापूरला चाललेय. येताव का मी एकटी जाऊ?” इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. त्यांनी टोपी चढवली आणि बार्शीची एसटी धरली.

सोलापूरला मोठ्या दवाखान्यात एक तरणी डाक्टरीण होती. तिनं सिटी स्कॅन केला, रक्त घेतलं, थुंकी परत तपासली. मग फोटो उजेडापुढं धरून बोट ठेवलं. “मावशी, टीबी तुमचा केव्हाच बरा झालाय. पण त्यानं फुप्फुसात एक पोकळी करून ठेवली. त्या पोकळीत बुरशीनं घर केलंय. हा बघा गोळा.”

मला हसूच आलं. “बुरशी? बाई, आमच्याकडं प्यायला पाणी न्हाय. बुरशी कुठनं आणू?”

“उगवायला तिला थोडी ओल पुरते,” ती म्हणाली, “उडायला मात्र कोरडंच लागतं. कोरड्या मुलखात ती धुळीबरोबर फिरते. तुम्ही झोपता कुठं?”

मालकांनी मान खाली घातली. मी सांगितलं सगळं. कडबा, गुळी, पेंढी आपटणं, सहा वर्षं. तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, हे कुणाला लागत नाही. औषध लांबेल, कित्येक महिने. रक्त वाढलं तर ऑपरेशनचं बघावं लागेल. पूर्ण जाईल असं वचन देत नाही. “पण त्या खोलीत आता एक दिवसही झोपायचं नाही.”

चोर सोडून संन्याशाला फाशी! लोकांना माझं लागू नये म्हणून मला जिथं ठेवलं, तिथंच मला लागलं. एसटीत बार्शी येईपर्यंत मी रडले. दुःखानं नाही, संतापानं. मालक म्हणाले, “चुकलं माझं.” मी म्हणलं, “व्हय, चुकलं.” दुसरं काय म्हणणार? चुकलंच होतं.

घरी पोचले ते दिवस मावळायच्या आत. हातपाय न धुता खोलीत गेले, खाट ओढत अंगणात आणली. गोधडी पेटवून दिली. मालकांनी खाटेची दुसरी बाजू धरली. ओसरीच्या पायरीवर अक्का उभ्या.

“कुठं आणायलीस ती?”

“घरात.”

“लागट न्हाय म्हणून कागदावर लिहिलंय का?”

“सहा वर्षांपूर्वीच्या कागदावरही लिहिलं होतं, अक्का. देवळीत आहे अजून. तुम्ही वाचला न्हाय आणि म्या वाचून दाखवला न्हाय. आता सरका, न्हायतर खाट पायावर पडंल.”

सरकल्या. आठ दिवस बोलल्या नाहीत. मी कडब्याला हात लावत नाही. कडबा, गुळी मालकांनी त्या खोलीतनं काढून बाहेर रचली. पेंढ्या मालक उघड्यावर, तोंडाला फडकं बांधून झाडतात, आणि भिजलेल्या उकिरड्यावर टाकतात.

त्या येळवशीला आंबील मी केली. माठ मीच डोक्यावर घेऊन रानात नेला, दम लागला तेव्हा बांधावर दोनदा टेकले, पण दुसऱ्याच्या हातात दिला नाही. पंगत बसली. एक म्हातारा पेला धरून थांबला. “पोरी, तुला टीबी नव्हताच म्हण की.”

किती सोपं होतं व्हय म्हणणं! सगळी पंगत बघायली होती. “होता की,” मी म्हणलं. “चांगला होता. सहा महिने गोळ्या खाऊन बरा केला. प्यायची तर प्या, न्हायतर पेला पुढं द्या.” म्हातारा प्याला. अक्का खाली मान घालून भाकरी मोडत होत्या. त्यांच्या पुढचा पेला भरलेला तसाच होता.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. अक्कांना खोकला लागला. पंधरा दिवस झाले, थांबेना. एका दुपारी मी ओसरीत लसूण सोलत बसलेले. अक्का आतनं आल्या. एका काखेत गोधडी, हातात स्वतःचं ताट आणि तांब्या. माझ्याकडं न बघता अंगण ओलांडून गोठ्याच्या बाजूला निघाल्या. कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात खोकणारी बाई तिकडंच जाते, एवढंच त्यांना ठाऊक.

खरं सांगते, एक क्षण मी बसून राहिले. जाऊ दे, म्हणलं, कळू दे. मग त्या दाराच्या कडीला हात घालताना खोकल्या, आणि मी हातातला लसूण टाकून धावले. मला धावायची मनाई आहे. धापा टाकत दारात आडवी उभी राहिले.

“सरक,” अक्का म्हणाल्या. “तुला लागंल.”

“तोंडाला पदर लावा आणि ओसरीवर चला. तिथं वारं आहे. सकाळी थुंकी तपासायला जायचं, मी येते संगं. काय निघंल ते निघंल.”

“आणि टीबी निघाला तर?”

“तर सहा महिने गोळ्या. ओसरीवर बसून.”

त्या हलेनात. डोळ्यात पाणी, पण अक्काच त्या, रडतील कशाला! मी त्यांच्या हातातलं ताट काढून घेतलं. मग कडीला कुलूप घातलं आणि किल्ली आडात टाकली. आडाला पाणी नाही, खाली पडल्याचा आवाज आला.