श्रीपतची घोडामोटार

श्रीपतला कुठलीही वस्तू आहे तशी बघवत नसे. चांगली छत्री दिसली की तिची मूठ बदल, धड कंदील दिसला की त्याला चाकं लाव. वस्तू मोडली की म्हणे, "सुधारली." इंग्रजी अमदानीत आमच्या बऱ्हाणपुरात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. त्या तरी धड राहाव्यात असं देवाला वाटलं नसावं, म्हणून त्याने श्रीपतला तिथल्याच राजपुरा मोहल्ल्यात जन्माला घातलं आणि मला त्याच्या शेजारी.

विशीत असताना त्याने विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची जुनी मोटार वडिलांच्या मागे लागून घेतली आणि माझी भागीदारीही परस्पर ठरवून टाकली. गिऱ्हाइकाच्या हौशीप्रमाणे मोटार नव्याने घडवायची, हा आमचा धंदा. त्याचे वडील, आबा, कापसाचे व्यापारी. ते म्हणाले, "आखाजीपर्यंत ही गाडी लोकाइच्या कामी लावून दाखव. नाही तो दुकानात गादीवर बसाचं, अन् मोटारीचं नाव नाही काढाचं." त्या गादीपेक्षा श्रीपतने तापी पत्करली असती.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर पहिलं गिऱ्हाईक आलं. एका शेठचा मुलगा घोड्याला भिई, आणि घोड्याशिवाय वरात काढली तर लोक काय म्हणतील? श्रीपत म्हणाला, "अपन मोटारीलेच घोडा करू." सुताराकडून सागवानी घोड्याचं भलंमोठं तोंड करून घेतलं, जरीची झूल शिवली. तोंड बसवलं ते नेमकं इंजिन थंड ठेवणाऱ्या जाळीवर. मी भीत भीत विचारलं, "आत हवा कुठून जाणार?"

"यार, घोड्याले दोन नाकपुड्या हायेत ना! खरा घोडा तेवढ्यावरच जगते का नाही?"

हे शास्त्र ऐकून मी झूल चढवायला घेतली.

मोटार धावण्यासाठी असते आणि वरात रेंगाळण्यासाठी, हे आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. दर दारात ओवाळणी, दर चौकात वाजंत्री. अर्ध्या वाटेवर घोड्याच्या नाकपुड्यांतून वाफ निघू लागली. लोकांनी टाळ्या पिटल्या. एक म्हातारी म्हणाली, "असल जातीचा हाय वं!" श्रीपतने खाली वाकून मुजरा केला, तेवढ्यात असल जातीचा घोडा गचके देऊन जागीच थंड झाला. वाजंत्रीही थांबली.

गोरज मुहूर्त टळायला आला होता. नवरदेवाने मधेच उतरणं म्हणजे अपशकुन. श्रीपत हँडल मारून मारून थकला. घोळक्यात आबा उभे होते आणि ते हसत होते. शेवटी जसोंडी गावाहून लग्नाला आलेल्या एका शेतकऱ्याने आपल्या दमणीचे बैल सोडून मोटारीला जुंपले. तोंड घोड्याचं, अंग मोटारीचं, पाय बैलांचे, अशी ती वरात मुहूर्ताला मांडवात पोचली.

गाव खूश झालं. दुसऱ्या दिवसापासून मागण्या सुरू झाल्या, सगळ्यांना "तशीच, बैलवाली" हवी होती. आबाही म्हणाले, "लागली ना कामी! आता इंजिन काढून टाक, बैलाइले नाहक वजन." श्रीपतने मुकाट्याने इंजिन काढलं. तेव्हापासून मोटार एकदाही बिघडली नाही. धंदा असा तेजीत आला की श्रीपत दिवसेंदिवस वाळत चालला. इंजिन त्याने विकलं नाही. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घालून म्हणे, "थांब जरासा, राजा." मला ते बघवत नसे.

मग त्याचं स्वतःचं लग्न जसोंडीत ठरलं. कोणाला न विचारता त्याने इंजिन परत बसवलं, घोड्याचं तोंड उपटून काढलं आणि बाशिंग बांधून, मला शेजारी घेऊन, वऱ्हाडाच्या गाड्या मागे टाकत सुसाट निघाला. पोचलो तेव्हा सासरे पंचा गुंडाळून दाढी करत होते आणि मांडवाला अजून डहाळ्या बांधायच्या होत्या. आमचं वऱ्हाड यायला दुपार उलटली. तोवर दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांच्या शिव्या एकट्या श्रीपतने खाल्ल्या आणि दर शिवीनंतर मला कोपराने ढोसून म्हणत राहिला, "पन पोचली ना!" इतका सुखी नवरदेव मी दुसरा पाहिला नाही.

श्रीपत गेला त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तापीवर नेताना लोक रीतीप्रमाणे हळूहळू चालले होते, वाटेत विसाव्यालाही थांबले. मला राहवेना. मी खांदेकऱ्यांना म्हणालो, "जरा जल्दी चला रे. त्याचं इंजिन तापते."

कोणी हसलं नाही. हसणारा तिरडीवर होता.