नानांचे बूट, पाइपचं सोल्युशन आणि लळिंगची अर्धी चढण

लळिंगला जायचं ठरलं ते हौसेपोटी नाही, तहापोटी. डॉक्टरांनी माझ्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं. नाना निवृत्त वायरमन. सगळा जन्म विजेच्या खांबांवर चढण्यात गेलेला, त्यामुळे गुडघ्याबद्दल कुणी शंका घेतलेली त्यांना खपत नाही. "लळिंगचा किल्ला चढून दाखवतो. चढलो तर ऑपरेशनचं नाव काढायचं नाही. नाही चढलो तर खुशाल तारीख घ्या," असं त्यांनी जेवता जेवता जाहीर केलं. आई म्हणाली, बरं. धुळ्याला नोकरीत असताना ते दर पावसाळ्यात हा किल्ला चढायचे. अट एकच, बूट तेव्हाचेच हवेत. धुळ्यातच शिवून घेतलेले, चामड्याचे, घोट्याच्या वर येणारे.

श्रावणाचे दिवस, म्हणजे पाऊस गृहीत. सामान वॉटरप्रूफ करण्याची जबाबदारी मी अंगावर घेतली. त्यातलं जे जमलं ते आधी सांगतो, जाणाऱ्यांना उपयोगी पडेल. कॅनव्हासच्या पिशवीवर जाड मेणबत्ती चांगली घासायची, वर जुना कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवायची. मेण कापडात मुरतं आणि पाणी वरच्या वर घरंगळून जातं. मोबाइल, गोळ्या आणि टॉवेलांसाठी असोद्याच्या मामांकडून केळीच्या घडाला घालतात त्या प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या. एका पिशवीत दोघांचं बिऱ्हाड मावतं.

आता बूट. व्हिडिओत सांगितलं होतं, चामडं आधी भिजवा, मग तेल-मेण लावा. भिजवण्याची पायरी मी इमानेइतबारे पाळली, रात्रभर बादलीत. पण मेण पिशवीवरच संपलेलं. मी जळगावचा, नोकरी पाइपच्या कारखान्यात. आमच्याकडे गळती म्हटली की हात आपोआप पाइप जोडायच्या सोल्युशनच्या डबीकडे जातो. टाकी गळो, बादली गळो, इलाज एकच. मी ते शिवणीशिवणीला लावलं आणि पुढच्या टोकाला प्रेमाने दुसरा हात दिला. सकाळी बूट आरशासारखे चमकत होते. नानांनी ते घालून एक पाऊल टाकलं आणि कड्‌ असा आवाज झाला.

"काय लावलं रे याले?"

"सोल्युशन."

"बूट आहे का बोअरची लाइन आहे?" त्यांनी बूट उलटा करून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. "ऑपरेशन व्हावं म्हणून मोडले ना माझे बूट?"

ऑपरेशन व्हावं असं मला मनातून वाटत होतं, हे खरं. म्हणूनच ते बोलणं फार लागलं. बूट मोडून जिंकणारा मुलगा मला व्हायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही धुळ्याची एसटी धरली, ज्यांनी ते शिवले त्या सुकलालभाऊंकडे.

जळगाव ते धुळे, एरंडोल आणि पारोळ्यावरून, अडीच तासांच्या आसपास. नानांना अर्धं तिकीट, मला पूर्ण. नाना बूट मांडीवर घेऊन खिडकीशी बसले आणि वाटेतल्या प्रत्येक खांबावर शेरा मारत राहिले. ही तार सैल आहे, तो खांब वाकलाय. 

सुकलालभाऊंचं दुकान स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर. नानांच्याच वयाचे, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी बूट नाकाशी नेला आणि अहिराणीत विचारलं,

"हाई काय लायेल शे?"

"पाइपनं सोल्युशन," नानांनी तत्परतेने चुगली केली.

"पोऱ्या जळगावना शे ना," सुकलालभाऊ म्हणाले, आणि दोघे म्हातारे पोटभर हसले. मग त्यांनी माझी शिकवणी घेतली. "चामडाले पह्यले पानी पाजनं पडस. मंग ओलं शे तवयच तेल. पानी निंघी जास, तेल तठे बठी जास."

म्हणजे भिजवण्यापर्यंत माझं बरोबर होतं. पुढे चामडं ओलसर असतानाच तेल चोळायचं, म्हणजे पाणी सोडून जातं ती जागा तेल धरतं. तेल कसलं, तर करडईचं, तासन्‌तास आटवून दाट केलेलं. त्याला रोगण म्हणतात. पूर्वी विहिरीच्या चामडी मोटेला हेच लावायचे. त्यांनी बोथट सुरीने सोल्युशन खरवडलं, तडकलेल्या शिवणी उसवून मेण लावलेल्या दोऱ्याने पुन्हा घातल्या, बूट भिजवले, रोगण चोळलं आणि सावलीत टांगले. ऊन नाही, चूल नाही, घाई नाही. या कामाला दोन दिवस लागले आणि मजुरी त्यांनी नवीन चपलेहून कमी घेतली.

ते दोन दिवस नाना दुकानातच बसून होते. मी लॉजवर झोपा काढल्या आणि दोन्ही वेळा शेवभाजी खाल्ली. धुळ्याची शेवभाजी तिखट असते असं ऐकून जाऊ नका, ती त्याहून तिखट असते. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी मागा.

तिसऱ्या दिवशी सकाळी रिक्षाने लळिंग गाठलं. धुळ्यापासून हायवेने ते अर्ध्या तासाच्या आत येतं. गावातूनच वाट वर जाते, पावसात निसरडी होते, पाणी सोबत न्या. भुरभुर चालू होती. नाना पुढे, मी मागे. पहिला टप्पा ते असे चढले की मला धाप लागली. दुसऱ्यात ते काठीवर रेलू लागले. अर्ध्यावर एका दगडाशी थांबले, बसले आणि बुटाची नाडी सोडू लागले.

मला वाटलं, आता म्हणतील पाणी आत गेलं, बूट बिघडले, तह रद्द. खरं सांगतो, मी ते मान्य करायला तयार होतो. पावसाची सर आता चांगली जोरात होती, पुढचा टप्पा सरळ कड्याला भिडलेला, आणि त्यांचा गुडघा पॅन्टमधूनही सुजलेला दिसत होता.

नानांनी बुटात पार टोकापर्यंत हात घातला. दुसऱ्याही बुटात घातला. मग तळवा माझ्यासमोर धरला.

"कोरडा आहे. दोन्ही कोरडे." त्यांनी वर किल्ल्याकडे बराच वेळ पाहिलं. "सुकलालनं काम चोख केलं. आता कोणावर ढकलू?"

मी म्हणालो, "नाना, जरा बसू, मग बघू."

"बघायचं काय त्यात? चल खाली."

उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी यापूर्वी कधी ठेवला होता का, मला आठवेना.

घरी पोचलो तेव्हा आई दारात होती. तिने विचारायच्या आत नाना म्हणाले, "तारीख घे," आणि बूट कोपऱ्यात नीट जोडून ठेवले.

सुकलालभाऊंची पद्धत पक्की आहे, डोळे झाकून करा. आधी पाणी, मग ओल्यावर तेल, मग सावली. भर पावसात थेंब आत येत नाही, याची मी ग्वाही देतो. मला मात्र अख्खी उतरण एकच वाटत होतं, की एखादी शिवण गळायला हवी होती.