रॅम्पकडचं दार

वर्ना लिंडग्रेनचं सगळं आयुष्य लोकांना आठवण करून देण्यात गेलं. अमेरिकेतल्या डुलुथ शहरात एका दंतवैद्याकडे ती फोनवर बसायची. "उद्या दहा वाजता, मिसेस ओल्सन. आणि हो, दात घासून या," असं ती म्हणाली की माणूस बर्फ तुडवत का होईना, पण यायचा. निवृत्त झाल्यावर घरात तिचा जीव रमेना. तेव्हा टेकडीवरच्या ग्रंथालयात भरणाऱ्या एका मेळाव्याचं काम तिने अंगावर घेतलं. शहरातली संगणक जाणणारी मंडळी वर्षातून एकदा शनिवारी तिथे जमत आणि शहराच्या उपयोगाचं काहीतरी बनवत. बस कुठवर आली ते दाखवणारं, कुठल्या रस्त्यावरचा बर्फ काढून झाला ते सांगणारं, असं काही. वर्नाला त्यातलं ओ की ठो कळत नसे. ती नावं नोंदवून घ्यायची आणि सूप वाढायची.

पहिल्याच वर्षी बऱ्याच खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि रानतांदळाचं सूप पातेलंभर उरलं. ते तिच्या जिव्हारी लागलं. पुढच्या मेळाव्याच्या आधी सगळ्यांना संदेश पाठवायचं काम डेझमंडने तिच्यावर सोपवलं. मेळावा भरवणारा हा मुलगा तिच्या लेकाच्या वयाचा.

"फक्त तारीख, वेळ आणि पत्ता," तो म्हणाला. "जास्त काही नको, वर्ना."

पण न आलेल्यांना जाणाऱ्या संदेशात वर्नाने आपल्या मनाने भर घातली. 'गेल्या वर्षी नाव नोंदवूनही आपण आला नाहीत. आपली खुर्ची रिकामी राहिली, आपल्या वाटचं जेवण वाया गेलं. यंदा यायचं नसेल तर निदान तसं कळवा.'

नवऱ्याने, आर्नेने, तिच्या खांद्यावरून वाचलं. "अगं, दात किडलेल्यांनासुद्धा तू इतकं कधी सुनावलं नाहीस!"

"सुनावल्याशिवाय कळत नाही लोकांना," ती म्हणाली आणि तिने संदेश पाठवून दिला.

दुपारपर्यंत माफीची उत्तरं येऊ लागली. वर्ना ती आर्नेला मोठ्याने वाचून दाखवत होती. मग ओडेसा टिबेट्स नावाच्या बाईचं उत्तर आलं, आणि ते मात्र तिने मनातच वाचलं.

'मी आले होते. रॅम्पकडचं दार आतून बंद होतं. बराच वेळ ठोठावलं, याच नंबरवर फोन केला, कोणी उचलला नाही. पायऱ्या मला चढता येत नाहीत. खुर्ची रिकामी राहिली म्हणता, पण माझी खुर्ची मी घरूनच आणली होती. तिला चाकं आहेत.'

वर्नाचे कान तापले. सूप वाढताना खिशात फोन वाजल्याचं तिला लख्ख आठवलं. अनोळखी नंबर पाहून तिने तो बंद केला होता. आणि ते दार! त्यातून गार वारा थेट पातेल्यावर येत होता, म्हणून तिनेच तर कडी घातली होती.

'दार मीच लावलं होतं' एवढंच लिहायचं होतं. तिने लिहिलं, 'फार वाईट वाटलं. दार ग्रंथालयाच्या लोकांनी लावलं असावं.'

लगेच उत्तर आलं. 'मग तुमचा काय दोष? मीच उगाच तोडून बोलले. येते शनिवारी.'

"काय म्हणते ती?" आर्नेने विचारलं.

"येतेय," वर्ना म्हणाली आणि उगाचच ओटा पुसायला लागली. त्या बाईचं रागावणं परवडलं असतं, तिचा चांगुलपणा सहन होईना.

शनिवारी ओडेसा खरोखरच आली. पन्नाशीची, आखूड पांढरे केस, मांडीवर संगणक. दार सताड उघडं होतं. प्रत्येकाने आपण काय बनवणार ते सांगायचं होतं. तिची पाळी आली.

"हिवाळ्यात कुठल्या इमारतीचं कुठलं दार खरंच उघडं असतं, ते दाखवणारा नकाशा," ती म्हणाली. "गेल्या वर्षी मी याच इमारतीबाहेर कुडकुडत होते. इथल्या लोकांनी कडी लावून घेतली होती."

सगळ्यांच्या माना कर्टिसकडे वळल्या. ग्रंथालयाची देखभाल तोच बघायचा. तो खुर्च्या मांडत होता, तसाच थांबला.

"मी उघडलं होतं, बाई," तो म्हणाला. "पहाटे येऊन रॅम्पवरचा बर्फ काढला आणि दार उघडलं. देवाशपथ."

डेझमंडने घसा साफ केला. "असू दे, कर्टिस, होतं कधी कधी."

ते 'असू दे' कर्टिसला किती लागलं, ते वर्नाला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तिने हातातला डाव खाली ठेवला.

"मी लावलं होतं," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा सांगावं लागलं. "कडी मी घातली. फोनही मीच उचलला नाही. आणि परवा तुम्हाला खोटं लिहिलं, तेही मीच."

ओडेसाने आपली खुर्ची तिच्याकडे वळवली. "का लावलंत?"

"वारा येत होता. सूप गार होत होतं."

"मग राहिलं का गरम?"

एक-दोघे हसले, आणि ओडेसा हसत नाही म्हटल्यावर गप्प झाले. वर्नाला मान वर करता येईना.

दुपारी ती कर्टिसची माफी मागायला गेली. तो म्हणाला, "मला हाक मारली असतीत तर टेबल हलवून दिलं असतं." तो पुन्हा खुर्च्यांकडे वळला.

संध्याकाळी तिने डेझमंडला सांगितलं, की संदेशांचं काम दुसऱ्या कोणाला तरी दे. तो 'छे छे, असं काय बोलता' म्हणेल असं तिला आत कुठेतरी वाटत होतं. तो म्हणाला, "बरं."

पुढच्या वर्षी ते काम ओडेसाने घेतलं. वर्नाने यंदा नाव नोंदवलं नव्हतं, तरी तिच्या फोनवर संदेश आला. तारीख, वेळ, पत्ता, आणि खाली एक ओळ: 'आत यायला काही अडचण असेल तर मला फोन करा. मी उचलते.'

ही ओळ सगळ्यांनाच गेली असेल की फक्त आपल्याला, ते वर्नाला कळेना. विचारायचा धीरही झाला नाही. तिने 'येते' एवढंच लिहिलं.