खिडकीतला उपडा डबा

गुढियारीतलं आमचं रेल्वे क्वार्टर पाडलं, तेव्हा मी त्याचं चित्र काढायला घेतलं. काय काय हवं ते आधी लिहून काढलं: नळ, कूलर, दोरीवरचे कपडे, दारात खेळणारी आम्ही भावंडं, खिडकीत बाबांचा ड्यूटीचा डबा. रंगवून झालेल्या वस्तूपुढे खूण करत गेले. सगळं आलं, तरी ते आमचं घर वाटेना.

शेवटी आईला दाखवलं. तिनं चष्मा सारखा केला.

"डबा उपडा काढला का तू?"

"हो. तसाच तर असायचा."

"मंग हे पोट्टे काहून बोंबलून राहिले दारात? तुह्ये बाबा उठतीन ना!"

खरंच की. रात्रपाळी करून बाबा आले की आई डबा घासून खिडकीत उपडा ठेवायची. तो दिसला की शेजारचे रेडिओचा आवाज कमी करत आणि आम्ही खेळायला मैदानात जात असू. म्हणजे चित्रात एक तर डबा राहणार, नाही तर आम्ही.

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली.

"डबा पुसू का?" मी विचारलं.

आईनं चित्रातल्या खिडकीवरून बोट फिरवलं.

"राहू दे. झोपू दे त्यांले."

मी अंगणाचा मातकट रंग कालवला आणि एकेक भावंड झाकत गेले. सगळ्यांत शेवटी स्वतःला झाकलं. चित्र आता आईच्या खोलीत आहे. तिथे आम्ही दोघी हळू बोलतो.