आरशात बघून बोलणारी वहिनी

माझ्या वहिनीशी बोलायचं असेल तर तिच्या तोंडाकडे बघून उपयोग नाही, आरशात बघावं लागतं. घराच्या पुढच्या खोलीत तिचं केस कापायचं दुकान आहे. दोन खुर्च्या, दोन आरसे आणि कोपऱ्यात केस धुवायचं बेसिन. वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाच्या पाठीशी उभं राहून आरशातल्या चेहऱ्याशी गप्पा मारल्यावर माणसाला तीच सवय लागते. जेवायला बसल्यावरसुद्धा बोलताना ती तुम्हाला खिडकीच्या काचेत शोधते, कपाटाच्या काचेत शोधते, आणि काहीच सापडलं नाही तर स्टीलच्या किटलीत. किटलीत माझं नाक वांग्याएवढं दिसतं. त्या नाकाशी वहिनी अगदी गंभीरपणे बोलत असते.

त्यात माझा दादा बस चालवतो. मागे दंगा करणाऱ्यांना तोही आरशातूनच दम भरतो. या दोघांनी लग्नाआधी एकमेकांकडे सरळ बघितलं तरी होतं का, याची मला अजून शंका आहे.

त्यांची एकुलती एक मुलगी शिट्टी. जन्मली तेव्हा अशी किंचाळली की नर्सनेच हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. शाळा संपल्यावर ती आईच्या हाताखाली दुसऱ्या खुर्चीवर काम करायला लागली. हात चांगला बसला होता. दुकान पुढे तीच चालवणार हे आम्ही सगळे धरूनच चाललो होतो. वहिनीने तर दुसऱ्या खुर्चीची गादीसुद्धा तिच्या पसंतीच्या रंगाची करून घेतली होती.

आणि एके दिवशी सकाळी एका बाईंच्या डोक्याला रंग लावता लावता शिट्टी म्हणाली, "आई, मला नौदलाच्या अकादमीत जायचंय. वयात बसायची ही शेवटची संधी आहे. पुढच्या वर्षी अर्जसुद्धा घेणार नाहीत."

वहिनीची कात्री क्षणभर थांबली. मग पुन्हा चालू झाली.

"पळता येतं का?" तिने आरशाला विचारलं.

"बस पकडण्यापुरतं."

"म्हणजे नाही. उद्यापासून पहाटे उठायचं."

झालं. एवढ्यावर निर्णय. ना रडारड, ना चर्चा. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे अभ्यास माझ्याकडे आला आणि शरीर वहिनीने स्वतःकडे ठेवलं. दादाकडे सगळ्यांना हो म्हणायचं काम होतं, ते त्याने चोख केलं.

वहिनीची शिकवायची पद्धत मी जगात दुसरीकडे पाहिलेली नाही. शिट्टी रस्त्यावरून पळायची आणि वहिनी मागून सायकलवर, हातात केस ओले करायची फवाऱ्याची बाटली घेऊन. पोरगी मंदावली की मानेवर फवारा. समोरचा बेकरीवाला दार उघडायला यायचा आणि हा वरातीसारखा प्रकार बघत उभा राहायचा. दुकानातून घरात जायच्या दारात लटकायला लोखंडी दांडा बसवला. परीक्षेत दांड्याच्या वर हनुवटी ठेवून लटकत राहावं लागतं म्हणे. शिट्टी सुरुवातीला पिकल्या फळासारखी पटकन खाली यायची. वहिनी चपला काढून स्वतः लटकली आणि तिथून गिऱ्हाइकाला "बसा ना, आलेच" म्हणाली. दिवसभर हात वर धरून काम करणाऱ्या बाईला त्याचं काय! उठाबशांना वेळ लावायला रंगाची वेळ मोजायचं घड्याळ होतंच. बाईंच्या केसांना रंग मुरेपर्यंत शिट्टीने उठाबशा काढायच्या, घंटा वाजली की एकीने केस धुवायचे आणि दुसरीने पाणी प्यायचं.

माझा वर्ग संध्याकाळी, दुकान बंद झाल्यावर. शिट्टीचं त्रिकोणमितीशी हाडवैर. कोन काही केल्या डोक्यात शिरेना, तेव्हा मी वहिनीची कात्री घेतली आणि उघडून दाखवायला लागले, हा एवढा, हा तेवढा. शिकवायच्या भरात कात्री हातातून सुटली आणि टोकावर पडली. वहिनी एरवी मला नावाने हाक मारते, रागावली की मात्र जुन्या पद्धतीने 'वन्सं' म्हणते.

"वन्सं," ती आरशातल्या मला म्हणाली, "तुमच्या कोनाने माझ्या धारेची वाट लावली."

त्यानंतर मी पुठ्ठ्याच्या कात्रीने शिकवलं. पण शिट्टीला कोन समजला, हे मी इथे मुद्दाम नमूद करून ठेवते.

लेखी परीक्षा झाली. पास. मैदानी चाचणी झाली. पळण्यात जेमतेम, पण दांड्यावर ती इतका वेळ लटकली की शेवटी तपासणाऱ्यानेच उतर म्हटलं. राहिली मुलाखत.

मुलाखतीची तयारी हा वहिनीच्या मते पोरखेळ होता. "बोलायचंच आहे ना? आपल्याकडे दिवसभर दुसरं काय होतं?" शिट्टीला खुर्चीत बसवायचं, वहिनी मागे उभी राहायची आणि आरशातून प्रश्न टाकायची. शेजारच्या खुर्चीतलं गिऱ्हाईकही उत्साहाने भर घालायचं. एका आजींनी तर तुझं जहाज बुडायला लागलं तर आधी काय वाचवशील, असं विचारून आम्हालाच घाम फोडला. शिट्टी फाडफाड उत्तरं द्यायची, मान ताठ, नजर आरशात रोखलेली. 'तुला अकादमीत का यायचंय?' याचं उत्तर मी लिहून दिलं होतं. त्यात शिस्त होती, सेवा होती, साहस होतं, आणि ते ऐकून गिऱ्हाइकं टाळ्या वाजवत. मीही वाजवल्या. प्रश्न विचारणारा पाठीमागे उभा आहे, हे आमच्यापैकी एकालाही खटकलं नाही.

मुलाखतीहून शिट्टी परत आली ती थेट केस धुवायच्या बेसिनपाशी जाऊन बसली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. वहिनीने टॉवेल खाली ठेवला.

"काय झालं?"

"वाट लागली," शिट्टी म्हणाली. मग एकेक करून सगळं बाहेर आलं. समोर टेबलापलीकडे तिघं अधिकारी. मधल्या बाई, पांढऱ्या केसांच्या, मुख्य. त्यांनी पहिला प्रश्न विचारला आणि शिट्टीची वाचा बसली. समोरच्या जिवंत चेहऱ्याकडे बघून बोलायचं, हे तिने कधी केलंच नव्हतं. मग बाईंच्या मागे बक्षिसाच्या ढाली ठेवलेलं काचेचं कपाट दिसलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. काचेत बघून ती धडाधड बोलायला लागली. बाई काही वेळ ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "मी इथे आहे. माझ्या मागे काय बघतेस?"

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"खरं तेच. म्हटलं, मॅडम, काचेत तुमचा अंबाडा दिसतोय आणि त्याची पिन निघत आलीय."

बाईंनी डोक्याला हात लावला आणि पिन हातात आली. बाकीचे दोघं हसायला लागले. शिट्टीने मग सगळंच सांगून टाकलं, आईचं दुकान, बाबांची बस, किटलीसकट. बाईंनी पिन तोंडात धरली, अंबाडा पुन्हा बांधला, आणि "ठीक आहे, जा" म्हणाल्या.

"एकाच पिनेवर अंबाडा?" वहिनी आधी कडाडली. तो तिचा धंद्याचा संताप. मग मात्र ती त्या दुसऱ्या खुर्चीत बसली, शिट्टीच्या पसंतीच्या रंगाच्या गादीवर, आणि एकदम लहान दिसायला लागली. "मीच शिकवलं हे," ती म्हणाली. "पोरीला माणसाकडे बघायला नाही शिकवलं मी."

निकाल लागेपर्यंतचे दिवस वाईट गेले. शिट्टी दुसऱ्या खुर्चीवर मुकाट्याने काम करत होती आणि वहिनी मुकाट्याने तिच्याकडे बघत होती, आरशातूनच. मला वहिनीची कीव येत होती आणि रागही येत होता. पोरगी राहिली तर दुकान भरलेलं राहणार, हे तिला कळत नव्हतं असं थोडंच आहे! एकदा मी 'तुला आतून बरंच वाटत असेल' असं बोलूनही गेले. वहिनी म्हणाली, "वन्सं, तोंड सांभाळा." मी सांभाळलं.

शिट्टीची निवड झाली. यादीत तळाकडे नाव होतं, पण होतं. दादाने बसचा भोंगा इतका वेळ वाजवला की थांब्यावरची माणसं चिडली. अंबाड्याने बुडवलं की तारलं, ते कोणालाच कळलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी शिट्टीचे केस कापायचे होते. अकादमीत मानेवर केस चालत नाहीत. वहिनीने दुकानाच्या दाराला कडी लावली, तिला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं आणि कात्री उचलली. मी बेसिनपाशी उभी होते. कात्री काही चालेना. आरशात दोघींचे चेहरे एकावर एक.

मग वहिनीने एक गोष्ट केली जी मी इतक्या वर्षांत पाहिली नव्हती. तिने कात्री खिशात टाकली आणि खुर्ची फिरवली. शिट्टीची पाठ आरशाला, तोंड आईकडे. वहिनीची नजर आधी इकडेतिकडे भिरभिरली, किटली शोधल्यासारखी. शेवटी ती पोरीच्या चेहऱ्यावर येऊन थांबली.

"तुला तिकडे का जायचंय?"

मी लिहून दिलेलं उत्तर शिट्टीला तोंडपाठ होतं. ते तिने दिलं नाही.

"मला बघायचंय, मी कुठवर जाऊ शकते," ती म्हणाली. "आणि मला भीती वाटतेय, आई."

"मला पण," वहिनी म्हणाली. तिचा आवाज फाटला, पण नजर हलली नाही. "तू जाऊ नयेस असं मला रोज वाटतं. तू बोललीस त्या दिवसापासून रोज. आणि आता गेली नाहीस तर तंगडं मोडीन तुझं."

शिट्टी हसली आणि रडली, दोन्ही एकदम. वहिनीने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि नीट बघून घेतला, कपाळ, भुवया, कानामागचा तीळ. मग नाक सुर्रकन ओढलं, खुर्ची पुन्हा आरशाकडे फिरवली आणि कात्री काढली.

"मान खाली," ती म्हणाली.

शिट्टीने मान खाली घातली. मीही घातली, आरशात माझे डोळे दिसू नयेत म्हणून.